दोन ठेवून द्या, साहेब!

दिवाळी अंकासाठी कथा पाठवा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी आनंदाने होकार कळवला होता. कथा लिहायलाही घेतली. माहेरी आलेली लेक, वृंदावनापुढची पणती, सोयाबीनचे पडलेले भाव, असा सारा सरंजाम मांडून झाला. पण तिसऱ्या पानावर कथेत एक फौजदार आला आणि कथा तिथेच अडली. हा फौजदार चांगला रंगवावा की वाईट, हे काही केल्या ठरेना. चांगला रंगवला, तर मी खोटा ठरतो. वाईट रंगवला, तर मी सुटतो. आणि मला इतक्या स्वस्तात सुटायचे नव्हते. म्हणून कथा बाजूला ठेवली आणि हे लिहायला बसलो.

फराळाच्या ताटात असला कडू पदार्थ वाढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. आपली दिवाळी तरी कुठे गोडाने सुरू होते? नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की पायाखाली कारीट चिरडायचे आणि त्याचा रस जिभेला लावायचा, अशी आपल्याकडे कित्येक घरांत रीत आहे. चकली-करंजीची पाळी त्यानंतरची. तेव्हा हे माझे कारीट समजा.

आपल्या मराठी घरांत एक वाक्य आहे. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही, तरी सर्वांना तोंडपाठ आहे. दारातली मोटारसायकल जाते, बाजारात खिसा कापला जातो, कपाटातला दागिना दिसेनासा होतो. घरचा कर्ता पुरुष ठाण्यात जातो, तक्रार लिहून देतो आणि उठता उठता सहज म्हणतो, "दोन ठेवून द्या, साहेब. आपोआप बोलेल!" हे म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. तो एकादशी करतो, मुंग्यांना साखर घालतो, शेजाऱ्याच्या मयताला खांदा देतो. पण ठाण्याची पायरी चढली की त्याच्या जिभेवर हे वाक्य आपसूक येते. मी आज भांडणार आहे ते या वाक्याशी. आणि ज्याच्याशी भांडायचे त्याची ओळख आधी सांगावी, या न्यायाने हे वाक्य मी स्वतः कधी उच्चारले ते आधी सांगतो.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर आहे. गोष्ट जानेवारी २००९ ची. शाळेचे स्नेहसंमेलन तोंडावर आले होते. दोनच महिन्यांपूर्वी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला होता. गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे तो जिवंत हाती लागला. त्या प्रसंगावर मी मुलांसाठी एक छोटी नाटिका लिहिली होती. खाकी कपडे शिवायचे होते, पडदा भाड्याने आणायचा होता. त्यासाठी जमवलेली वर्गणी माझ्याकडे होती. दोन हजार तीनशे चाळीस रुपये. एके दिवशी सकाळी कपाट उघडले, तर पैशांचे पाकीट जागेवर नाही.

आमच्या शाळेत गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरची तीन मुले येत. त्यांतल्या एकाचा बाप आदल्या दिवशी पोराला न्यायला आला होता आणि कार्यालयाच्या दाराशी घटकाभर उभा राहिला होता. कोणीतरी ते पाहिले होते. पुरावा काय तो एवढाच! बाकीचा पुरावा त्याच्या जातीने पुरवला.

मुख्याध्यापक आणि मी ठाण्यात गेलो. ठाणेदारांनी खुर्च्या दिल्या. "मास्तर, संशय कोणावर?" असे विचारले. मी नाव सांगितले. अर्जातही लिहिले. माझे अक्षर चांगले आहे, म्हणून गावातले लोक अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात. त्या दिवशीही ते तितकेच वळणदार आले होते. आणि उठता उठता मी म्हणालो, "दोन ठेवून द्या, साहेब. आपोआप बोलेल." मुख्याध्यापक हसले. ठाणेदारही हसले. मीही हसलो असेन.

संध्याकाळी आम्हांला पुन्हा बोलावणे आले. त्याला आणले होते. आमच्यासाठी चहा मागवला गेला. मागच्या खोलीतून आवाज येत होते. आधी पट्ट्याचा आवाज, मग माणसाचा. मी कपातली साय बोटाने बाजूला सारत होतो. हे मी विसरलेलो नाही. पुढे मी दोन कादंबऱ्या लिहिल्या, माणसांच्या दुःखाची पुष्कळ वर्णने केली, पण त्या संध्याकाळी माझे सारे लक्ष सायीकडे होते.

तिसऱ्या दिवशी पाकीट सापडले. जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात होते. नाटिकेतल्या मुलांची नावे पाहायला मीच तो गठ्ठा काढला होता आणि पाकीट आत ठेवून मीच तो बांधून टाकला होता. मी धावत ठाण्यात गेलो. घाम पुसत सगळे सांगितले. ठाणेदार क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "कमाल आहे मास्तर! तो तर काल रात्रीच कबूल झाला. पैसे कुठे उडवले तेसुद्धा सांगितले त्याने!"

वाचकहो, या वाक्यावर जरा थांबा. जी चोरी झालीच नव्हती, तिची कबुली मिळाली होती. जे पैसे माझ्या कपाटात होते, ते कुठे खर्च झाले याचा हिशेबही मिळाला होता. माझे 'दोन ठेवून द्या' हे औषध लागू पडले होते. फक्त आजारच नव्हता.

त्याला सोडून दिले. सोडून दिले म्हणावे तर कागदावर तो ठाण्यात आलाच नव्हता. ना अटकेची नोंद, ना पंचनामा, ना डॉक्टरचा दाखला. त्याचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. महिन्याने धीर करून मी बेड्यावर गेलो. तो खोपटापुढे बसला होता. उभे राहताना त्याने भिंतीचा आधार घेतला. मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "तुमी तं निस्तं नाव सांगतलं जी, मास्तर. मारलं त्यायनं." हे त्याचे मोठेपण होते. आणि मी काय केले? मी ते निर्दोष सुटल्याचे प्रमाणपत्र समजून घरी आणले आणि कित्येक वर्षे जपून ठेवले. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिले तेवढे पुरे झाले.

पण मी नुसतेच नाव सांगितले, हे खरे नव्हे. पट्टा शिपायाच्या हातात होता हे खरे. पण त्याला परवाना मी दिला होता. आणि आज मला सांगायचे आहे ते हेच. ठाण्यातली मारझोड ही केवळ काही दुष्ट पोलिसांची करणी नाही. आपण सभ्य, सुशिक्षित, फराळ करणारी माणसे तिला संमती देतो, म्हणून ती चालते.

कोणी म्हणेल, ही इंग्रजांची देणगी आहे. अर्धे खरे आहे. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि पोलिसी तपासासाठी रयतेचा छळ होतो, हे खुद्द कंपनी सरकारने नेमलेल्या आयोगाने १८५५ साली लिहून ठेवले. नंतर सत्तावन्नचे बंड झाले आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. तो रयतेच्या सेवेसाठी नव्हता, रयतेला धाकात ठेवण्यासाठी होता. १८७१ साली तर साहेबाने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवून टाकल्या. पण त्याच साहेबाच्या पुस्तकातली दुसरी दोन पाने पाहा. १८६० च्या दंडविधानात कलम ३३० घातले गेले: कबुली काढण्यासाठी कोणाला इजा करणे हा गुन्हा. आणि त्या कलमाखाली पहिलेच उदाहरण दिले ते छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे! मागाहून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सांगितले की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. म्हणजे परक्या साहेबालाही आपल्या पोलिसाची कबुली विश्वासाची वाटत नव्हती. तिच्यावर विश्वास ठेवतो तो स्वतंत्र भारतातला मतदार!

साहेब गेला. राज्यघटना आली. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, हे तिच्या विसाव्या कलमात आहे. जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण एकविसाव्यात आहे. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकील भेटू दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे बाविसाव्यात आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्या जमातींना आपण विमुक्त म्हणू लागलो. कायद्याच्या पुस्तकातून तो शब्द गेला. माझ्या डोक्यातून २००९ सालापर्यंत गेला नव्हता, हे वर सांगितलेच आहे.

आता माझ्या दोन हजारांच्या पाकिटापेक्षा मोठ्या गोष्टीकडे चला. वाशीमला आगगाडीत बसले की हिंगोली, वसमत, पूर्णा करीत परभणीला जाता येते. आमच्याकडच्या लोकांचा तिकडे सोयरसंबंधाचा राबता आहे. त्या एका परभणीचीच दोन माणसांची हकिगत सांगतो.

पहिला ख्वाजा युनूस. शिकलेला, संगणक अभियंता, वय सत्तावीस. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटप्रकरणी डिसेंबर २००२ मध्ये त्याला पकडले. जानेवारी २००३ मध्ये, औरंगाबादला नेत असताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. तो पळालेला नसून कोठडीत मेला, असे पुढच्या तपासात ठरून चार पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले. ज्या स्फोटासाठी त्याला धरले होते, त्या खटल्यातले इतर आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. आणि ते चार पोलीस? २०२० मध्ये त्यांना पुन्हा नोकरीत घेतले गेले. त्यांच्यावरचा खटला तोवर संपलेला नव्हता.

दुसरा सोमनाथ सूर्यवंशी. कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दगडफेक-जाळपोळ झाली, आणि पोलिसांनी धरपकड केली. तीत सोमनाथ होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. त्याने दंडाधिकाऱ्यापुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिले. त्याच्या आईला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथून परत आले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील, मी ठरवणारा कोण? पण नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला सात महिने झगडावे लागले, एवढे तर कोणालाही मोजता येते. राज्यघटनेच्या प्रतिकृतीवरून पेटलेल्या प्रकरणात कायदा शिकणारा मुलगा कोठडीत मरतो! हे मी कादंबरीत लिहिले असते, तर समीक्षकांनी 'भडक' म्हणून खोडून टाकले असते.

आणि सांगली आठवते ना? नोव्हेंबर २०१७. लुटीच्या संशयावरून पकडलेला अनिकेत कोथळे हा तरुण कोठडीतून पळाला, असे ठाण्यातून सांगितले गेले. त्याचे जळालेले प्रेत निघाले आंबोलीच्या घाटात. त्या प्रकरणात पोलीस उपनिरीक्षकासह ठाण्यातल्याच माणसांना अटक झाली. 'पळून गेला', २००३ मध्येही आणि २०१७ मध्येही! आमच्या वर्गातली मुलेसुद्धा गृहपाठ न करण्याची कारणे याहून अधिक कल्पकतेने शोधतात.

आता दुसरी बाजू. मला पुष्कळजण म्हणतील, "मास्तर, तुम्ही शाळेत बसून बोलता. पोलिसाचे जिणे पाहिले आहे का?" पाहिले आहे. पोहरादेवीच्या यात्रेत उन्हात उभा राहणारा शिपाई मी पाहिला आहे. तुम्ही आम्ही लक्ष्मीपूजन करीत असतो तेव्हा तो चौकात उभा असतो, आणि त्याच्या घरची पोरे बापाशिवाय फुलबाजी लावतात. त्याच्या कष्टांची टिंगल करणारा हा लेख नाही. उलट मी म्हणतो की आपण त्याच्याकडून दोन नोकऱ्या करून घेतो. एक पगारी, तपासाची. दुसरी बिनपगारी, आपल्या मनातल्या मत्सराची आणि भीतीची. पहिलीसाठी त्याला प्रयोगशाळा, माणूसबळ, शिक्षण आणि विश्रांती लागते. ते आपण मागत नाही. दुसरीला नुसता पट्टा पुरतो.

आणखी एक म्हणणे: "मारल्याशिवाय गुन्हेगार बोलतो का?" बोलतो ना! माझा पारधी बोलला की. प्रश्न बोलण्याचा नाही, खरे बोलण्याचा आहे. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, त्यांतल्या पाचांना फाशी सांगितली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. छळाच्या तक्रारींचा विचार करून न्यायालयाने त्या कबुल्या ग्राह्य मानल्या नाहीत. राज्य सरकारने त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे काय व्हायचे ते होवो. पण एकोणीस वर्षांनी ज्यांची माणसे गेली त्यांच्या हातात काय उरले, याचा विचार करा. कबुलीच्या भरवशावर उभा केलेला खटला कोसळतो, तेव्हा तो केवळ आरोपीच्या अंगावर कोसळत नाही. फिर्यादीचे घरही त्याखाली सापडते. खरा गुन्हेगार तेवढा बाहेरून मजा पाहतो.

तिसरे म्हणणे सर्वांत जोरकस. "अहो, अशा नराधमांना कसला कायदा? गोळ्या घाला!" चकमकीची बातमी आली की पेढे वाटणारी गावे आपण पाहिली आहेत. त्यांना माझे उत्तर एकच आहे, तुकाराम ओंबळे. अतिरेक्याला जिवंत धरण्यासाठी त्या माणसाने प्राण दिला. कसाबला वकील मिळाला, साक्षीपुरावे झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली. साऱ्या जगापुढे कट उघडा पडला तो त्याला चौकात ठेचला नाही म्हणून. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळाले. त्यांचे फोटो आपण शाळेत लावले. आणि त्यांच्यावरची नाटिका बसवणाऱ्या मास्तराने त्याच आठवड्यात दोन हजार रुपयांसाठी एका माणसाला पट्ट्याखाली दिले! कसाबला जो कायदा मिळाला, तो माझ्या गावच्या पारध्याला मिळाला नाही. आपल्या महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. ब्रीद सुंदर आहे. पण सज्जन कोण आणि खल कोण, हे ठरवण्याची जागा न्यायासन ही आहे. ठाण्याची मागची खोली ही नव्हे, आणि माझी जीभ तर मुळीच नव्हे.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने आमच्या हातातली छडी काढून घेतली. आम्ही मास्तर तेव्हा फार कुरकुरलो. "छडीशिवाय विद्या येते का?" हे आमचे 'दोन ठेवून द्या' होते. छडी गेली. विद्या होती तिथेच राहिली. उलट मारून झाकता येत होते ते आमचे शिकवण्यातले दोष उघडे पडले, आणि काहींनी तरी ते सुधारले. आता गंमत पाहा. दहा वर्षांच्या पोराच्या तळहातावर छडी मारू नये, असा कायदा या देशात झाला, आणि फार चांगले झाले. पण कोठडीतल्या छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. तिच्यावर शिक्कामोर्तब आजवर झालेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने एक विधेयक मंजूर केले, ते राज्यसभेत अडकून विरून गेले. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा मसुदा करून दिला. तो मसुदाच राहिला. जुने कलम ३३० आता भारतीय न्याय संहितेत कलम १२० म्हणून आले आहे. पण गुन्हा करणारा, नोंदवणारा आणि तपासणारा एकाच छपराखाली बसत असेल, तर कलमाचा आकडा बदलून काय होणार?

तर मग काहीच होणार नाही का? असे म्हणून हातपाय गाळणे हा आपला दुसरा आवडता छंद. मी तसे म्हणणार नाही, कारण या बाबतीत जे थोडेफार झाले ते कोणा राजाने केले नाही. ते पत्रांनी केले.

आमच्याच विदर्भातली गोष्ट. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांकडूनच अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. रात्रीच्या वेळी ठाण्यात अडकलेल्या पोरीची संमती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायदा जाणणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना एक उघडे पत्र लिहिले. गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात 'माझी संमती नव्हती' हा स्त्रीचा शब्द न्यायालयाने प्रथमतः खरा धरावा, असे ठरले.

दुसरे पत्र १९८६ सालचे. बंगालमधल्या कायदा-मदतीचे काम करणाऱ्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना लिहिले. न्यायालयाने तेच पत्र याचिका मानले, आणि १८ डिसेंबर १९९६ ला निकाल दिला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवे, अटकेचा कागद जागच्या जागी करून त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवे, आरोपीने मागितल्यास अंगावरच्या जखमांची नोंद करायला हवी आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी हवी. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे बसवायला सांगितले. पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, ते कॅमेरे चालतात का याची दखल त्याला पुन्हा स्वतःहून घ्यावी लागली. कॅमेरा बिघडतो तो नेमका हवा त्या रात्री, हे आपण सगळे जाणतो.

ही पत्रे वाचताना मला माझे पत्र आठवते. तेही मास्तराचेच होते. तेही वळणदार अक्षरात होते. कागद तोच, शाई तीच. त्यांच्या पत्रांनी कोठडीचे दार थोडे किलकिले केले. माझ्या पत्राने एका माणसाला आत ढकलले. म्हणून म्हणतो, आमच्यासारख्या सामान्यांच्या हातात काही नाही, हे खोटे आहे. फार आहे.

निदान एवढे करू या. उद्या आपल्या घरी काही हरवले, तर आधी जुने हजेरीपट उलगडून पाहू. ठाण्यात जावेच लागले, तर काय गेले, केव्हा गेले, ते सांगू. पुराव्यावाचून कोणाचे नाव घेणार नाही. घरी काम करणाऱ्या बाईचे नाही, गड्याचे नाही, बेड्यावरच्या माणसाचे तर नाहीच. आपल्या तक्रारीवरून कोणाला आणले, तर "अटकेची नोंद झाली का? घरच्यांना कळवले का? उद्या दंडाधिकाऱ्यापुढे नेणार ना?" हे तीन प्रश्न नम्रपणे पण ऐकू जातील अशा आवाजात विचारू. फिर्यादीने विचारलेला प्रश्न ठाण्याला झटकून टाकता येत नाही. आणि मत मागायला येणाऱ्याला विचारू की, बाबा रे, मास्तराच्या छडीला जसा कायदा केलास तसा कोठडीतल्या पट्ट्याला केव्हा करतोस?

लेख संपवण्यापूर्वी पुन्हा नरकचतुर्दशीकडे येतो. नरकासुर मारला गेला, एवढेच आपण मुलांना सांगतो. पण कथा तिथे संपत नाही. त्याच्या बंदीशाळेत सोळा हजार स्त्रिया कोंडलेल्या होत्या, त्यांना श्रीकृष्णाने बाहेर काढले, आणि जगाने तोंड फिरवले असते म्हणून त्यांना आपल्या घरी मान दिला. म्हणजे आपली दिवाळी हा मुळात कोठडीचे दार उघडल्याचा सण आहे. आपण दिवे लावतो ते त्यासाठी.

गेल्या वर्षी तो मुलगा मला बाजारात दिसला. आता तो बाप्या झाला आहे, त्याच्या कडेवर लेकरू होते. मी ओळखले. त्यानेही ओळखले असावे, कारण तो दुसऱ्या बोळाने निघून गेला. त्याच्या लेकराचे नाव आमच्या शाळेच्या पटावर यावे, म्हणून यंदा दिवाळीची सुटी संपण्यापूर्वी मी बेड्यावर जाणार आहे. तो दार उघडील की नाही, ते मला ठाऊक नाही. उघडले नाही, तर ते त्याच्या बाजूने योग्यच आहे. पण या खेपेला मी त्याच्या बापाने दिलेले ते प्रमाणपत्र परत करायला जाणार आहे. मी नुसतेच नाव सांगितले नव्हते, हे त्याला माझ्या तोंडून कळले पाहिजे.